तुम्ही विचारलंत म्हणून: पितळी तारांचा हार्प का नेत नाही?

कार्यक्रम जर्मनीत असो की जपानात, शेवटी कुणीतरी विचारतंच: "एडिनबरोच्या संग्रहालयातला क्वीन मेरी हार्प धातूच्या तारांचा होता ना? मग तुमच्या क्लारसाखला, म्हणजे स्कॉटिश हार्पला, नायलॉन कसं?" सुरात कुतूहल कमी, झडती जास्त.

तर ऐका. आम्ही नेतो तो साधारण 34 तारांचा, लिव्हरवाला. लिव्हर म्हणजे तारेचा सूर अर्ध्या सुरानं चढवणारा खटका. सगळे लिव्हर खाली ठेवून तो ई फ्लॅट मेजरला लावायचा. ए, ई आणि बीचे वर केले की सी मेजर. तिथला फिडलवाला ऐन वेळी "डीमध्ये घेऊ" म्हणाला, तर एफ आणि सीचे लिव्हर उचलले की झालं. पितळी हार्पला बहुधा लिव्हर नसतात. जी मेजरवरून सी मेजरवर यायचं तर प्रत्येक सप्तकातला एफ शार्प चावीनं उतरवायचा, मग ताण बदलल्यामुळे हललेल्या बाकीच्या तारा पुन्हा बघायच्या. तोवर श्रोते खोकायला लागतात.

हवेपुढे शहाणी तार कुठलीच नाही. पितळ दिव्यांनी तापलं की उतरतं. आतड्याची तार दमटपणाला बधते. नायलॉन त्या मानानं सोशिक, पण नवी तार बरेच दिवस ताणतच राहते, म्हणून दौऱ्याच्या तोंडावर तारा बदलू नयेत.

खरी अडचण बोटांची आहे. पितळी तार नखानं छेडली की सतारीच्या तरफांसारखी गुंजत राहते. सीनंतर डी वाजवला आणि सी थांबवला नाही, तर दोन्ही एकमेकांत कालवतात. म्हणून नवी तार छेडतानाच दुसऱ्या बोटानं आधीची दाबायची. आणि सगळ्या नाही दाबायच्या, आधाराचे सूर गुंजू द्यायचे. परदेशी कार्यशाळेला येतात ते बरेचसे पेडल हार्पवाले, म्हणजे ऑर्केस्ट्रातला मोठा हार्प वाजवणारे. नखं मुळापासून कापलेली, वाद्य उजव्या खांद्यावर, वरचे सूर उजव्या हाताला. जुन्या पद्धतीत वाद्य डाव्या खांद्यावर आणि वरचे सूर डाव्या हाताला. दोन तासांत काय शिकवणार?

बरं, ही जुनी पद्धत तरी कुठून कळली? स्कॉटलंडमधली परंपरा 18व्या शतकात तुटली. 1792 साली बेलफास्टला हार्पवादक जमले, त्यांत लांब नखांनी धातूच्या तारा छेडणारा एकच उरला होता: डेनिस हेम्पसन, नव्वदी ओलांडलेला, आयर्लंडचा. तिथं या वादकांच्या धुनी टिपून घेणाऱ्या एडवर्ड बंटिंगनं त्याच्याबद्दल जे टिपलं, त्यावर आजची बरीच पुनर्रचना उभी आहे. म्हणजे 'अस्सल स्कॉटिश' मागणाऱ्याला आयरिश म्हाताऱ्याची बोटं दाखवायची! उलट 1931 साली क्लारसाख सोसायटी निघाली, पुनरुज्जीवन आतड्याच्या तारांवर झालं, आणि तेव्हापासून लोक तेच शिकत, शिकवत आले आहेत. ही परंपरा नव्हे तर काय?

तरी पितळाखेरीज काही न्यायचं नाही असं एके काळी मीच म्हणायचो, आणि तेव्हाच्या त्या माझा एक मुद्दा अजून खोडता आलेला नाही. 17व्या शतकातल्या ल्यूटच्या (हे एक जुनं तंतुवाद्य) वह्यांतून 'पोर्ट' म्हणून उरलेल्या जुन्या हार्पच्या धुनी नायलॉनवर वाजवल्या की खर्ज लवकर विरतो. ती पोकळी भरायला आपण हळूच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर, घालतो. त्या कॉर्ड मूळ धुनेत होत्या असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मीही सांगत नाही. आयोजकांना एवढंच कळवतो की जाहिरातीत 'प्राचीन' लिहू नका. ते लिहितातच.