फोन रोखण्याआधी तीन आकडे: ऑनलाइन साधनांनी ग्रह शोधताना

फोन आकाशाकडे रोखला की पडद्यावर 'गुरू' असं नाव उमटतं, आणि त्या जागी वर पाहावं तर काहीच नसतं. ॲपचं गणित सहसा बरोबर असतं, गंडतं ते फोनमधलं होकायंत्र. कव्हरमधलं चुंबक, शेजारची गाडी, गच्चीचा लोखंडी कठडा, यांपैकी काहीही पुरतं आणि दिशा दहा-पंधरा अंशांनी सरकते. कव्हर काढा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा आणि आधी चंद्रावर किंवा एखाद्या ठळक ताऱ्यावर रोखून पाहा. पडद्यावरचा चंद्र खऱ्या चंद्रावर बसत नसेल, तर सेन्सर बंद करून नकाशा बोटानं फिरवायचा. एरवीही मला तीच पद्धत जास्त भरवशाची वाटते.

खरं तर तीन आकडे पुरतात: दिगंश, उन्नतांश आणि सूर्यापासूनचं कोनीय अंतर. दिगंश उत्तरेपासून पूर्वेकडे मोजतात, म्हणजे पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. उन्नतांश म्हणजे क्षितिजापासूनची उंची. हात ताठ पसरून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते, करंगळीची रुंदी १ अंश. 'दिगंश २५०, उन्नतांश ३०' याचा अर्थ पश्चिमेकडून दोन मुठी दक्षिणेला सरका आणि तीन मुठी वर जा.

संगणकावर स्टेलॅरियम हा आकाशाचा नकाशा दाखवणारा प्रोग्राम मोफत आहे. एफ ६ दाबून ठिकाण भरा. आपोआप आलेलं ठिकाण एकदा तपासा, कारण ते इंटरनेटच्या पत्त्यावरून काढलेलं असू शकतं आणि व्हीपीएन चालू असेल तर भलत्याच देशाचं आकाश दिसतं. मग एफ ५ नं वेळ, एफ ३ नं ग्रहाचं नाव, आणि स्पेसबार दाबला की ग्रह मध्यभागी. स्वल्पविरामाच्या कळीनं आयनिकवृत्ताची, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेची, रेषा उमटते. सगळे ग्रह तिच्या आसपासच असतात, त्यामुळे तिच्यापासून बराच लांबचा ठिपका ग्रह नव्हे.

ए दाबून वातावरण बंद करू नका. तसं केलं की भर दुपारीही बुध लखलखीत दिसतो आणि संध्याकाळी बाहेर जाऊन निराशा पदरी पडते. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही, शुक्र ४७ च्या पलीकडे नाही. शिवाय क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो: १० अंशांवर तेज साधारण एका प्रतीनं घटतं (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद), ५ अंशांवर दोनेक प्रतींनी. शुक्राला त्याचं काही नाही. बुध मात्र तिथंच हरवतो.

नेमके आकडे हवे असतील तर नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेचं होरायझन्स हे संकेतस्थळ. निरीक्षक-तक्ता निवडा, ग्रहाच्या जागी क्रमांक टाका (युरेनससाठी ७९९), आणि कोणते आकडे हवेत त्या यादीत (क्वांटिटीज) ४, ९ व २३ निवडा: अनुक्रमे दिगंश-उन्नतांश, प्रत आणि सूर्यापासूनचा कोन. वेळ मुळात जागतिक प्रमाणवेळेत असते. इथं जितके तास चुकाल तितक्या वेळा १५ अंश आकाश फिरलेलं असतं. हवेत प्रकाश वाकतो ते वक्रीभवनही मुळात धरलेलं नसतं, त्यामुळे अगदी क्षितिजावरचा ग्रह तक्त्यापेक्षा जवळपास अर्धा अंश वर दिसतो.

नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पाच ग्रहांना एवढं पुरतं. खरी परीक्षा युरेनसची. प्रत ५.७ च्या आसपास, म्हणजे अंधाऱ्या जागीही डोळ्यांनी जेमतेम, पण १० × ५० च्या बायनॉक्युलरमध्ये सहज. अडचण एवढीच, की तो ताऱ्यासारखाच दिसतो. २०२६ च्या सुरुवातीला तो वृषभ राशीत, कृत्तिकांच्या चार-पाच अंश दक्षिणेला आहे. बायनॉक्युलरचं क्षेत्र साधारण साडेसहा अंश असतं, तेव्हा कृत्तिका उत्तरेकडच्या कडेला ठेवल्या की युरेनस त्याच वर्तुळात येतो. स्टेलॅरियमच्या ऑक्युलर प्लगइनमध्ये आपल्या बायनॉक्युलरचे आकडे भरून तेवढंच वर्तुळ पडद्यावर आणा. एफ ४ मध्ये ताऱ्यांची मर्यादा ८ प्रतीवर आणायला विसरू नका, नाहीतर नकाशात इतके ठिपके येतात की जुळवणी अशक्य होते. दुर्बीण वापरत असाल तर प्रतिमा उलटी किंवा आरशातल्यासारखी दिसते. त्याच प्लगइनमध्ये नकाशाही तसाच पलटता येतो.

मग आसपासचे चार-पाच तारे कागदावर काढा आणि आठवड्यानं पुन्हा पाहा. प्रतियुतीच्या, म्हणजे ग्रह सूर्याच्या बरोबर समोर असण्याच्या, सुमारास युरेनस रोज अडीच कलांनी सरकतो (एक अंश म्हणजे ६० कला), म्हणजे आठवड्यात चंद्रबिंबाच्या निम्म्याहून थोडा जास्त. मात्र वक्री-मार्गी होण्याच्या, म्हणजे सरकण्याची दिशा उलटण्याच्या, दिवसांत तो जवळपास थबकलेला असतो, तेव्हा हा प्रयोग फसतो. स्टेलॅरियममध्ये बरोबरच्या चिन्हाची (=) कळ एकेक दिवस पुढं नेते. ती सातदा दाबून ठिपका हलतो का, ते आधीच बघून घ्या.

नेपच्यूनलाही हीच रीत, फक्त प्रत ७.८ असल्यानं बायनॉक्युलर तिपाईवर बसवावाच लागतो. गॅलिलिओनं डिसेंबर १६१२ आणि जानेवारी १६१३ मध्ये गुरूजवळ त्याची नोंद केली होती, तारा म्हणून.