माझा अनुभव: पुठ्ठ्याचं ग्राफिक्स कार्ड आणि हिरवी वायर

सीताबर्डीच्या दुकानात भाऊंनी माझी यादी वरून खालपर्यंत वाचली, कागद काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "बसून जाते ना सगळं. टेन्शन नका घेऊ." त्यांचं चूक नव्हतं. यादीतला प्रत्येक भाग कुठे ना कुठे बसणारच होता. पण सव्वादोन लाखांचा पीसी घरी जोडायचा म्हणजे नुसतं बसून भागत नाही. तो नागपूरच्या मे महिन्यात, आमच्या घरच्या विजेवर, तासन् तास चालला पाहिजे. बसणं आणि चालणं यातलं अंतर भरून काढायला मला जवळजवळ तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांबद्दल लिहितोय, कारण तेव्हा असं कुणी मराठीत सांगितलेलं मला सापडलं असतं तर फार बरं झालं असतं.

मी फ्लाइट सिम्युलेटर चालवतो. कॉलेजपासूनचा नाद आहे. जुन्या पीसीवर सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरताना शहर जवळ आलं की चित्र अडखळायचं, आणि धावपट्टी समोर असताना चित्र अडखळलं तर सगळा रसच जातो. म्हणून २०२५च्या सुरुवातीला नवा पीसी जोडायचं ठरवलं. माझी धाकटी बहीण मेकॅनिकलला आहे. ती सोबत नसती तर हे काम अर्ध्यावर राहिलं असतं.

बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. मी स्क्रीनपासून केली, आणि मला अजूनही तेच बरोबर वाटतं. स्क्रीन ४के घ्यायचा ठरला. ३८४० गुणिले २१६० म्हणजे एका चित्रात जवळपास ८३ लाख ठिपके, तेही सेकंदाला साठ-सत्तर वेळा रंगवायचे. तिथेच ग्राफिक्स कार्ड ठरलं: एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०८०, १६ जीबी मेमरीचं. सिम्युलेटरमध्ये मात्र हवामान, इमारती, बाकीची विमानं यांचा हिशोब प्रोसेसर करतो. त्याला लागणारी माहिती मेमरीत विखुरलेली असते, आणि ती दर वेळी रॅममधून आणायची तर वेळ जातो. एएमडीच्या रायझन ७ ९८००एक्स३डीवर ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी, आहे, म्हणून अशा कामात तो उजवा ठरतो. हे दोन भाग ठरले आणि मग बाकीच्यांनी एकमेकांना ओढायला सुरुवात केली.

पहिली गाठ मदरबोर्डची, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडायचे त्या बोर्डाची. ९८००एक्स३डी एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा). माझ्या बजेटमध्ये बी६५० चिपसेटचा चांगला बोर्ड मिळत होता. सॉकेट तोच, त्यामुळे बसणार हे उघड होतं. पण बी६५०चे बोर्ड २०२२पासून बाजारात आहेत आणि हा प्रोसेसर आला नोव्हेंबर २०२४मध्ये. दुकानात पडून असलेल्या बोर्डात जुनी बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारं बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, असेल तर प्रोसेसर नीट बसूनही स्क्रीन काळाच राहील. बोर्ड कंपनीच्या साइटवर प्रत्येक मॉडेलची प्रोसेसरांची यादी असते, आणि कोणत्या बायोसपासून कोणता प्रोसेसर चालतो ते तिथेच लिहिलेलं असतं. ती यादी वाचल्याशिवाय बोर्ड घेऊ नका, एवढं मी कळकळीने सांगेन. मी मुद्दाम बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घेतला. त्यात प्रोसेसर न लावताही बायोस बदलता येते.

त्याच बोर्डाचं मॅन्युअल रात्री बसून वाचलं. काही बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट (एसएसडी लावायची खाच) भरला की दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडायच्या जागा) बंद होतात, आणि काहींवर तर ग्राफिक्स कार्डाच्या सोळा लेनच्या, म्हणजे माहिती ये-जा करायच्या वाटांच्या, आठ होतात. हे खोक्यावर कुठेच नसतं, मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरांत असतं. माझ्या बोर्डावर पहिला एम.२ सरळ प्रोसेसरला जोडलेला निघाला, एसएसडी तिथे लावायचं ठरलं आणि तो विषय संपला. कार्ड पाचव्या पिढीच्या पीसीआयईचं (कार्ड बोर्डाला जोडायची पद्धत) आणि बोर्डाचा स्लॉट चौथ्या पिढीचा, यावरून बहीण जरा काळजीत होती. पण या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात, आणि खेळताना फरक जाणवण्याइतका पडत नाही.

खरी साखळी पुढे होती. विदर्भात कूलर म्हटलं की सगळ्यांना खिडकीतला खसचा कूलर आठवतो. आमच्याकडेही तोच आहे, एसी नाही. प्रोसेसरसाठी पाण्याचा कुलर घ्यावा असं अनेकांनी सुचवलं. पण पाण्याचा असो की हवेचा, खोलीपेक्षा थंड तो करू शकत नाही. ९८००एक्स३डी जास्तीत जास्त १६२ वॅट ओढतो, आणि तेवढं दोन मनोऱ्यांचा (पातळ पत्र्यांच्या दोन उभ्या गठ्ठ्यांचा) चांगला एअर कुलर सहज सांभाळतो. त्यात पंप नाही म्हणजे बिघडणारी एक वस्तू कमी. मी १५५ मिमी उंचीचा घेतला. आता गंमत बघा. या कुलरचा पुढचा पंखा बरोबर रॅमच्या डोक्यावर येतो. मला आवडलेली रंगीत दिव्यांची रॅम ४४ मिमी उंच होती. ती लावली की पंखा वर सरकवावा लागणार, मग १५५चे १६६ होणार, आणि मनात असलेल्या कॅबिनेटची मर्यादा १६५. एका मिलिमीटरने कॅबिनेटच्या बाजूची काच लागणार नव्हती! दिवे सोडले आणि ३३ मिमीची साधी रॅम घेतली.

रॅमबद्दल अजून एक. १६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, ८च्या चार नको. डीडीआर५ या रॅमच्या नव्या पिढीत चारही स्लॉट भरले की वेग फार उतरतो. या प्रोसेसरसाठी एएमडीने स्वतः दिलेला आकडा दोन पट्ट्यांना ५६०० आणि चारांना ३६०० आहे. मी ६००० वेगाची, सीएल३०ची (म्हणजे उत्तर द्यायला कमी उशीर लावणारी), एक्स्पो असलेली जोडी घेतली. एक्स्पो म्हणजे रॅमचा छापील वेग बायोसमधून एका झटक्यात चालू करायची सोय.

आता कॅबिनेट. खोक्यावर छापलं होतं: ग्राफिक्स कार्ड ३४० मिमीपर्यंत. माझं कार्ड ३३० मिमी लांब. म्हणजे बसतंय. बहीण म्हणाली, "दादा, हे माप पंखे धरून आहे की सोडून?" सोडून होतं. पुढच्या पंख्यांचे २५ मिमी गेले की उरतात ३१५. तेवढ्यावर ती थांबली नाही. मिक्सरचं रिकामं खोकं फाडून, फेविकॉल लावून तिने ३३० बाय १४० बाय ६२चं पुठ्ठ्याचं कार्ड तयार केलं. वीजेची वायर जिथून निघते तिथे तिने चार्जरच्या जुन्या वायरचा तुकडा सेलोटेपने उभा चिकटवला, आणि त्यावर पेनने ३५ मिमीची खूण केली. त्या खुणेच्या आत वायर वाकवायची नाही. अशा मोठ्या कार्डांना वीज देणाऱ्या सोळा पिनांच्या कनेक्टरची प्रकरणं २०२२च्या शेवटी जगभर गाजली होती. कनेक्टर पूर्ण आत गेला नाही किंवा तोंडाशीच वाकला की तो तापून वितळत होता. नंतर १२व्ही-२x६ ही सुधारलेली रचना आली, पण काळजी तीच घ्यायची.

ते पुठ्ठ्याचं कार्ड पिशवीत घालून आम्ही दुकानात गेलो. भाऊंनी काही न बोलता मांडून ठेवलेली तीन कॅबिनेटं उघडून दिली, हे मी विसरणार नाही. पहिल्यात पुठ्ठा पंख्याला अडला. दुसऱ्यात लांबी पुरली, पण काच लावताना वायरचा तुकडा काचेला टेकून आडवा झाला. तिसऱ्यात पुढे दोन बोटं जागा उरली आणि वायर ताठ राहिली. तेच घेतलं. समोर जाळी आहे, जाळीमागे धुळीची गाळणी काढून धुता येते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ते हवंच.

एसएमपीएसचा, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा, हिशोब सोपा आहे. कार्ड ३६० वॅट, प्रोसेसर १६२, बाकी सगळं मिळून साठ-सत्तर. सहाशेच्या आत. तरी ८५० वॅटचा घेतला, एनव्हिडियाही या कार्डासाठी तेवढाच सांगते. कारण कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं. एसएमपीएससाठीच्या एटीएक्स ३.० आणि ३.१च्या नियमांत अशा उसळ्या सहन करायची अट आहे, आणि सोळा पिनांची वायर थेट येते, मध्ये अडॅप्टर लागत नाही.

इथेच आमच्याकडून एक घोटाळा होता होता राहिला. जुन्या एसएमपीएसच्या वायरींची पिशवी घरात होती. जुनी हार्ड डिस्क जोडायला बहिणीने त्यातली एक साटा वायर काढली आणि नव्या एसएमपीएसमध्ये ती अगदी छान बसली. टक् असा आवाजसुद्धा आला. मी तिचा हात धरला. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनेत ५ व्होल्ट आणि कोणत्या पिनेत १२, याचा ठरलेला नियम नाही. प्रत्येक कंपनीचं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचंही, वेगळं असतं. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्क संपली, आणि त्यात आमच्या आजीचे फोटो होते. ती पिशवी त्याच दिवशी घराबाहेर काढली.

सगळं जमलं असं वाटत असताना मला जुना पीसी आठवला. अनवाणी पायांनी त्याच्या कॅबिनेटच्या स्क्रूला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. वर्षानुवर्षं आम्ही ते चालवून घेतलं. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून गळणारा किंचित प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब, ११५ व्होल्टच्या आसपास, उभा राहतो. मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२. फेज आणि अर्थमध्ये आकडा साठ-सत्तरच्या आसपास नुसता भरकटत होता. वायरमनला बोलावलं. त्यांनी भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला आणि आतली हिरवी वायर बाहेर ओढून दाखवली: टोकाला टेप लावून, गुंडाळून मागे कोंबलेली. घर बांधल्यापासून ती कशालाच जोडलेली नव्हती. ते म्हणाले, "पुष्कळ घरी असंच राहते सर, कोणी पाहतच नाही." त्यांनी ती जोडली, अंगणातला अर्थिंगचा खड्डा उकरून मीठ-कोळसा नव्याने भरला, पाणी घातलं. मग फेज आणि अर्थमध्ये २३१ दिसले, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड. मला त्या क्षणी जेवढं हायसं वाटलं तेवढं कार्डाचं खोकं उघडतानाही वाटलं नाही.

यूपीएसचंही तिथेच ठरलं. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो, म्हणजे एकट्या कार्डाइतके. शिवाय स्वस्त यूपीएसची पायऱ्यांसारखी लहर आजकालच्या एसएमपीएसला पटेलच असं नाही, वीज गेली त्याच क्षणी पीसी बंद पडू शकतो. शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा, ९०० वॅटचा घेतला. महाग पडला, पण तो या यादीचाच भाग आहे.

जोडणीचा दिवस रविवार होता. आधी बायोस. पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट केला, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव दिलं, खूण असलेल्या यूएसबी पोर्टात लावला आणि बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकत राहिला. सात मिनिटं आम्ही दोघं त्या दिव्याकडे पाहत बसलो. मग प्रोसेसर. एएम५मध्ये पिना बोर्डावर असतात, १७१८. त्यांना बोट लागता कामा नये. सोनेरी त्रिकोण जुळवून प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात.

कार्ड न लावताच पहिल्यांदा सुरू केला, कारण या प्रोसेसरमध्ये छोटं ग्राफिक्स आहे आणि बिघाड कुठे आहे ते शोधायला ते उपयोगी पडतं. पंखे फिरले. स्क्रीन काळा. एक मिनिट, दोन मिनिटं, काळाच. माझा हात बटणाकडे गेला, बहिणीने तो बाजूला केला. "रॅमचं ट्रेनिंग चाललंय दादा, तूच वाचून दाखवलं होतंस." पहिल्या वेळी बोर्ड रॅमशी वेळ जुळवून बघतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. घाबरून बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या मिनिटाला बोर्डाचं चिन्ह उमटलं. रॅम ४८००वर चालत होती, बायोसमध्ये एक्स्पो चालू केल्यावर ६००० दिसले. मग कार्ड लावलं, वायर ठामपणे आत बसवली, टॉर्च मारून फट नाही ना ते पाहिलं, आणि स्क्रीनची केबल बोर्डाला नव्हे तर कार्डाला जोडली.

मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना, संध्याकाळी खसचा कूलर लावूनही खोलीत ३४ होते. सोनेगावहून मुंबईपर्यंतचं दीड तासाचं उड्डाण केलं. प्रोसेसर ७६च्या वर गेला नाही, कार्ड ७२. उतरताना चित्र एकदाही अडखळलं नाही. अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या स्क्रूला हात लावून पाहिला, काही जाणवलं नाही.

पुठ्ठ्याचं कार्ड सध्या बहिणीच्या मैत्रिणीकडे आहे. तिचं कार्ड ३०४ मिमीचं, म्हणून तिने एका बाजूने २६ मिमी कापून घेतलंय.