लागोस ते आक्रा, घड्याळात शून्य मिनिटं

जानेवारीतली सकाळ. नायजेरियातल्या लागोसच्या मुर्तला मुहम्मद विमानतळावर सहा वाजल्यापासून बसलो होतो आणि काचेपलीकडे धावपट्टी दिसत नव्हती. हरमॅटन. सहाराकडून येणारा हा कोरडा वारा इतकी बारीक धूळ आणतो की ओठ फुटतात, दिवसाढवळ्या सूर्य फिकट चकतीसारखा दिसतो आणि विमानं जागची हलत नाहीत.

घानातल्या टेमाच्या कारखान्यात ओआरएसच्या पुड्या भरणारं मशीन आदल्या दुपारपासून बंद होतं. ते चालवणारं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल कार्ड माझ्या पिशवीत होतं. सीलिंगचे जॉ, म्हणजे पुडीचं तोंड दाबून बंद करणारे जबडे, जड, म्हणून ते घेऊन आमचा नायजेरियन फिटर पहाटेच गाडीने निघाला होता.

लागोसपासून घानाची राजधानी आक्रा, हवाई अंतर सुमारे ४०० किलोमीटर, साधारण मुंबई-गोव्याएवढं. विमानाला तासभर. घानाचं घड्याळ एक तास मागे, म्हणजे आठला उडालेलं विमान तिथे आठलाच उतरतं. सूर्य मात्र दोन्हीकडे जेमतेम पाव तासाच्या फरकाने उगवतो.

फिटरबरोबर गाडीत बसायची माझी तयारी होती. पण इंग्रजी चालणाऱ्या या दोन देशांच्या मधे बेनिन आणि टोगो हे फ्रेंच चालणारे दोन देश आहेत. इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेच्या १९७९च्या करारामुळे त्याला कुठेच व्हिसा लागत नाही. माझ्या भारतीय पासपोर्टवर फक्त घानाचा होता.

टेमाचे आमचे साहेब कोल्हापूरचे. दर तासाला फोन.

“निघालास काय रे?”

“नाही साहेब, अजून धुकटच आहे.”

“त्याचा काय निरोप?”

त्याचे निरोप येत होते. नायजेरिया-बेनिनमधल्या सेमेच्या सीमेवर दोन तास गेले. मग बेनिनमधल्या कोटोनू शहराची गर्दी. बेनिन-टोगो सीमेवरच्या हिला-कोंजीला टोगोच्या लोकांनी पेटी उघडायला लावली, एकेक जॉ बाहेर काढून कागदाशी ताडून पाहिला. खिशात नायरा, सीएफए फ्रँक आणि सेडी अशी तीन चलनं, तीन सीमा, आणि एवढं करूनही प्रत्येक निरोपाच्या शेवटी “येतोय” हा एकच शब्द. त्या माणसाबद्दल मला त्या दिवशी फार आदर वाटला.

दुपारी १:४०ला विमान उडालं. आक्र्याला उतरलो तेव्हा फोनवर १:३५ झाले होते. तासाभराचा प्रवास झाला आणि वेळ पाच मिनिटं मागे! पण पहाटेपासूनचे तास अंगात होतेच.

चारला टेमात पोचलो, साडेपाचपर्यंत कार्ड बसवून प्रोग्रॅम चढवला. जॉ नाहीत तर सील नाही. मशीनसमोर आम्ही थांबून राहिलो. साहेबांनी घरून पिठलं-भात मागवला, त्यातला एक डबा झाकून बाजूला ठेवला.

फिटर फाटकातून आत आला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते. अंगावर धूळ, डोळे लाल. त्याने आधी पेटी खाली ठेवली, मग मनगट पुढे केलं. त्याच्या घड्याळात अजून लागोसचे अकरा वाजत होते.