लाइपझिगचा सोमवार आणि मेणबत्तीला लागणारे दोन हात

मंडळी, बर्लिनची भिंत पडली हे सगळ्यांना माहितीये, पण त्याच्या बरोबर एक महिना आधी, ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी, मी राहतो त्या लाइपझिगमध्ये काय घडलं ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

इथल्या निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी पाचला शांतीसाठी प्रार्थना होते. तेव्हा पूर्व जर्मनीत कम्युनिस्ट राजवट, चार माणसांनी जमून मोकळं बोलायची जागा म्हणजे चर्चच. पास्टर ख्रिस्तियान फ्यूरर यांनी दार सगळ्यांना उघडं ठेवलं होतं, देव मानणारे, न मानणारे, देश सोडायचा अर्ज केलेले, कुणीही या.

त्या सोमवारी अख्खं शहर घाबरलेलं. बीजिंगच्या तिआनमेन चौकात जूनमध्ये झालेला गोळीबार सगळ्यांच्या डोक्यात, आणि दोनच दिवस आधी इथे पोलिसांनी लोकांना झोडपलेलं. त्यात सरकारने पक्षाचे शेकडो लोक दुपारपासूनच चर्चमध्ये आणून बसवले, म्हणजे बाकीच्यांना जागाच नको उरायला. फ्यूररनी त्यांना हाकललं नाही, स्वागत केलं, फक्त वरच्या गॅलऱ्या इतरांसाठी राखून ठेवल्या. मला हे सगळ्यात जास्त भिडतं. स्टासीचे, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांचे, हेर तर प्रार्थनेला आधीपासूनच येत होते, आणि यायचं म्हणजे ऐकणं आलंच, 'धन्य ते शांती करणारे' त्यांच्याही कानावर पडत होतं. वैऱ्यावर प्रेम करा हे आपण वसईत लहानपणापासून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येतो, इथे तर वैरी शेजारच्याच बाकावर बसलेला!

प्रार्थनेनंतर लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. त्याबद्दल फ्यूरर सांगायचे की मेणबत्तीला दोन हात लागतात, एकाने धरायची, दुसऱ्याने ज्योत विझू द्यायची नाही, मग दगड उचलायला हात उरतोच कुठे. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, रात्री वारा सुटला की आपणही तळहाताचा आडोसा करून, बोटांवर गरम मेण सांडत असताना ज्योत सांभाळतोच की. सत्तर हजारांच्या आसपास माणसं शहराच्या रिंगरोडवरून चालली, 'हिंसा नको' असं ओरडत, समोर हत्यारबंद फौज उभी, आणि एक गोळी सुटली नाही. पुढे वर्षभरात ती राजवटच संपली.

इथले काहीजण म्हणतात की सोव्हिएत युनियनमध्ये गोर्बाचेव्ह सत्तेवर होते, अर्थव्यवस्था पार बसली होती, हंगेरीने पश्चिमेकडची सीमा उघडली होती, म्हणून झालं सगळं. खरंय तेही. पण राजवटी पडतात तेव्हा बहुतेक वेळा रक्त सांडतं, इथे नाही सांडलं, आणि त्याचं श्रेय मी तरी त्या सोमवारांनाच देतो, वर्षानुवर्षं मूठभर माणसं जमायची तेव्हाही न चुकता होत राहिलेल्या प्रार्थनेला. फ्यूरर २०१४ मध्ये गेले, प्रार्थना अजून चालू आहे. जर्मनीला कुणी येणार असाल तर लाइपझिगसाठी सोमवारच ठेवा, पाचच्या जरा आधी पोचा, जर्मन येत नसलं तरी चालतं.