बाबांचे कागदी शेअर आईच्या नावावर करताना

बाबांनी कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला असताना घेतलेले दोन कंपन्यांचे कागदी शेअर ते गेल्यानंतर आता आईच्या डीमॅट खात्यात, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावरच्या नोंदीत ठेवण्याच्या खात्यात, जमा झाले आहेत. नागपुरातल्या कितीतरी घरांत लोखंडी कपाटात अशा फायली पडून आहेत, आणि ‘त्याचं आता काही होत नाही’ असं समजून लोक त्या रद्दीत घालतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ते सर्टिफिकेट नीट वाचा. जाड पिवळट कागद, कडेला नक्षी, खाली कंपनीचा शिक्का आणि संचालकांच्या सह्या. त्यावर फोलिओ क्रमांक, म्हणजे कंपनीच्या वहीतला भागधारकाचा खाते क्रमांक, असतो आणि ‘अमुकपासून तमुकपर्यंत’ असे शेअरचे अनुक्रमांक. पहिल्या कंपनीच्या सर्टिफिकेटची मागची बाजू कोरी होती, कारण ते शेअर बाबांना थेट पब्लिक इश्यूमध्ये मिळाले होते; त्यांचे पैसे कंपनीला भांडवल म्हणून गेले. दुसऱ्याच्या मागे मात्र हस्तांतराच्या रकान्यात बाबांच्या आधी दोन अनोळखी नावं होती. म्हणजे बाबांनी दिलेले पैसे आधीच्या मालकाला मिळाले, कंपनीला त्यातला एक रुपयाही नाही. शेअर बाजार म्हणतात तो मुख्यतः हाच, आधीच्या मालकाकडून पुढच्या मालकाकडे जाणारा. तरी कंपनीला त्याची गरज असते, कारण उद्या विकता येईल हा भरवसा नसेल तर पहिल्यांदा पैसे घालायला कोण पुढे येईल?

१९९६ साली डिपॉझिटरी कायदा आला आणि कागदाच्या जागी डीमॅट खातं आलं. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर कागदावरच दुसऱ्याच्या नावे विकत देणं बंद झालं. पण मालकी संपली नाही, आणि वारसांच्या नावे नोंद करून घेण्याचा रस्ता उघडाच राहिला. हा फरक आम्हाला सीताबर्डीवरच्या एका जुन्या सबब्रोकर काकांनी समजावून सांगितला.

कंपनीचं नाव बदललेलं असू शकतं, ती दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असू शकते. आम्ही मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर शोध घेतला, कंपनीचं रजिस्ट्रारचं, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवण्याचं, काम कोण पाहतं ते काढलं आणि फोलिओ क्रमांक टाकून सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून स्पीड पोस्टाने पत्र पाठवलं. उत्तर वाचून आई खुर्चीतच बसली. सर्टिफिकेटवर शंभर शेअर होते, नोंदीत हजार. दहा रुपयांच्या दर्शनी मूल्याचा शेअर मधल्या काळात दोन रुपयांचा झाला, म्हणून शंभराचे पाचशे. त्यावर एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक फुकट, म्हणून हजार. जुन्या कागदावरच्या आकड्यावरून किंमत काढू नका.

कागदपत्रांत खरा वेळ गेला. महानगरपालिकेचा मृत्यूचा दाखला, आईचं पॅन आणि आधार, केवायसीसाठी आयएसआर-१ हा फॉर्म, बँकेकडून सही प्रमाणित करून घ्यायचा आयएसआर-२, नामनिर्देशनाचा एसएच-१३ आणि वारसाच्या मागणीचा आयएसआर-५. बाबांनी नॉमिनी नेमला नव्हता. आम्ही अर्ज केला तेव्हा एका कंपनीतले शेअर पाच लाखांपर्यंतचे असतील तर कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र लागत नव्हतं. नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र चालत होतं. भाऊ पुण्याहून येऊन सह्या करून गेला. सर्टिफिकेटवर बाबांच्या नावाची नुसती आद्याक्षरं होती आणि दाखल्यावर पूर्ण नाव, त्यामुळे दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात मे महिन्याच्या उन्हात आई छत्री धरून उभी होती आणि प्रत्येक कागदावर न थकता सही करत होती. बँकेत सहीचा शिक्का मिळवायलाही बरेच हेलपाटे पडले. तिथे फॉर्म कोणी पाहिलेलाच नव्हता.

मंजुरीनंतर हाती आलं ते नवं सर्टिफिकेट नव्हे, तर एक पुष्टीपत्र. ते १२० दिवसांच्या आत डीमॅटच्या अर्जासोबत द्यायचं होतं. आईचं डीमॅट खातं आधीच उघडून ठेवलं होतं, त्याचा इथे फार उपयोग झाला.

दुसऱ्या कंपनीकडे पत्ता कोराडीच्या क्वार्टरचाच राहिला होता, त्यामुळे लाभांश आमच्यापर्यंत पोचलाच नाही. सलग सात वर्षं लाभांश कोणी उचलला नाही की लाभांशासकट शेअरही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) जातात. हे ऐकून बरेच जण आशा सोडतात. सोडू नका, ते परत मागता येतात आणि मागायला मुदत नाही. कंपनीकडून हक्काचं पत्र घ्यायचं, आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची प्रत मूळ कागदांसह कंपनीने या कामासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायची. कंपनीचा पडताळणी अहवाल गेला की निधीकडून शेअर थेट डीमॅटमध्ये येतात. अर्जाला फी नाही. एका एजंटाने याच कामाचा पाचवा हिस्सा मागितला होता. बाबांच्या घामाच्या पैशातला एवढा वाटा नुसता अर्ज भरण्यासाठी मागणं मला अन्यायाचं वाटतं.

थोडे शेअर विकले त्या दिवशी आईने विचारलं, “आपले शेअर घेतले तरी कोणी?” मी तिला मोबाइलवर खरेदी-विक्रीच्या भावांची यादी दाखवली. एका बाजूला घेणाऱ्यांनी सांगितलेले भाव, दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांचे, शेजारी नगांची संख्या. दोन्ही भाव जुळले की सौदा होतो; भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी त्याचा नंबर आधी. घेणारा कोण ते कळत नाही. तो एखादा म्युच्युअल फंड असेल, कदाचित कोणाच्या पीएफचे पैसेही असतील, कारण २०१५ पासून भविष्य निर्वाह निधीचा काही भाग ईटीएफमार्फत, म्हणजे बाजारातच खरेदी-विक्री होणाऱ्या एका प्रकारच्या फंडामार्फत, शेअर बाजारात जातो. भावाच्या पगारातून कापला जाणारा पीएफही त्यातलाच. आयुष्यात एकही शेअर न घेतलेल्या माणसाची म्हातारपणाची पुंजीसुद्धा या बाजाराशी बांधलेली आहे, हे आईला तेव्हा पटलं. पैसे लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी आले. कर काढताना वारसाने मिळालेल्या शेअरचा काळ बाबांच्या खरेदीपासून धरतात, आणि ३१ जानेवारी २०१८ चा भाव महत्त्वाचा ठरतो. तो सीएला विचारा.

उरलेल्या शेअरना आईने आम्हा दोघांना नॉमिनी केलं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअरच्या बाबतीत वारसा कायदाच चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. ते समजल्यावर आईने मृत्युपत्रही केलं आणि शेजारच्या जोशीकाकूंसह दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या.