चार नंबरची जर्सी

गेल्या रविवारी फॅमिली ग्रुपवर पोराच्या मॅचचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला आणि पाच मिनिटांत सांगलीहून दादाचा फोन आला. "अरे, हा खेळ आहे का मारामारी? त्या दांडगटानं आपल्या पोराला फळीवर आदळला आणि तू शूटिंग करत बसलास?" मागून वहिनी म्हणत होत्या, आधी लागलंय का ते तरी विचारा. लागलं नव्हतं. पण दादाला समजावता समजावता माझाच आवाज चढला, आणि फोन ठेवल्यावर मनाला लागून राहिलं. म्हणून हे लिहितोय.

झालंय असं की इथे अमेरिकेत १२ वर्षांखालच्या आइस हॉकीत अंगावर जाऊन धडक मारायला बंदी आहे. यूएसए हॉकी या इथल्या संघटनेने हा नियम २०११ मध्ये केला. त्याआधी अकरा-बारा वर्षांची पोरंही एकमेकांना आडवी करायची. आता १३-१४ च्या गटात गेलं की बॉडी चेकिंग, म्हणजे ही धडक, सुरू होतं. आमचा यंदा त्या गटात गेला. मोसमाआधी कोचने धडक कशी द्यायची याच्यापेक्षा कशी घ्यायची, हेच जास्त दिवस शिकवलं. रिंकभोवतीच्या फळीपासून किती अंतरावर उभं राहायचं, गुडघे किती वाकवायचे, आणि मान कधीही खाली घालायची नाही. "हेड्स अप" हे दोन शब्द मी त्या रिंकवर इतक्या वेळा ऐकलेत की झोपेतही ऐकू येतात.

पोरगा बचावाला खेळतो आणि त्याचं दैवत आहे स्कॉट स्टीव्हन्स, न्यू जर्सी डेव्हिल्स या व्यावसायिक टीमचा जुना बचावपटू. तो माणूस निवृत्त झाला तेव्हा आमचं लग्नही झालं नव्हतं. मग हे वेड आलं कुठून? आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. गाडी पकडली की न्यूअर्क पेन स्टेशन, तिथून चालत डेव्हिल्सचं मैदान. तिथे छताखाली निवृत्त केलेले, म्हणजे पुन्हा कुणाला न देण्याचे, पाच नंबर लटकतात आणि त्यांतले तीन बचावपटूंचे आहेत: ३, ४ आणि २७. गोल करणाऱ्यांपेक्षा गोल अडवणाऱ्यांना डोक्यावर घेणारी ही टीम. पहिल्यांदा गेलो तेव्हा पोराने चार नंबरकडे बोट दाखवून विचारलं, हा कोण? शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा पूर्ण मध्यंतरभर त्याला सांगत बसले. ओळख ना पाळख. पुढचा खेळ सुरू झाला तरी त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्याला स्टीव्हन्स कुठे उभा राहायचा ती जागा दाखवली. इथली माणसं कोरडी असतात म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खुर्च्यांवर येऊन बसावं.

मला स्वतःला भावली ती त्याची इथे येण्याची गोष्ट. तो ओंटारियोतल्या किचनरचा. १९८२ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत वॉशिंग्टनच्या टीमने त्याला पाचव्या क्रमांकावर उचललं. १९९० मध्ये सेंट लुईसने त्याच्यासाठी नवे खेळाडू निवडायचे आपले पहिल्या फेरीतले पाच हक्क मोजले. वर्षभरात त्याच सेंट लुईसने न्यू जर्सीचा ब्रेंडन शॅनहन पळवला आणि लवादाने भरपाई म्हणून स्टीव्हन्सला उचलून इकडे पाठवलं. त्याला यायचं नव्हतं, तो हजरही उशिरा झाला. पुढच्याच वर्षी त्याला कॅप्टन केलं आणि १९९५, २००० आणि २००३ असे तीन स्टॅनले कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, त्याच्या नेतृत्वाखाली आले. मलाही कंपनीने दोन वर्षांसाठी म्हणून पाठवलं होतं. मन नव्हतं. त्या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील.

आता दादाच्या 'मारामारी'कडे येतो. १६३५ सामने, ९०८ गुण आणि शिक्षेची २७८५ मिनिटं, हे स्टीव्हन्सचे आकडे. शेवटचा आकडा पाहून कुणीही गुंडच म्हणेल. वॉशिंग्टनला असताना एका मोसमात त्याने २८३ मिनिटं शिक्षेच्या बाकावर काढली, हे खरं आहे. पण तिशी ओलांडल्यावर हाच माणूस हातघाई कमी करत गेला आणि शेवटच्या दोन पूर्ण मोसमांत ही मिनिटं पन्नाशीच्याही आत आली. धडका मात्र तशाच जबर राहिल्या, कारण त्या रागातून येतच नव्हत्या. त्या जागेतून यायच्या.

हे दादासारख्या कबड्डी खेळलेल्या माणसाला समजू नये याचं मला खरंच वाईट वाटतं. चढाईपटू आत येतो तेव्हा कव्हरवाला काय करतो? तो त्याच्यामागे धावत नाही. मागे सरतो, त्याला एक वाट मोकळी ठेवतो, ती वाट त्याला आपली वाटू देतो आणि त्याची नजर कोपऱ्याकडे वळली की डॅश. स्टीव्हन्स हेच करायचा, फक्त बर्फावर, उलटं घसरत, त्या वेगात. समोरचा आपल्या भागात शिरायची निळी रेषा ओलांडताना पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, सांभाळायला क्षणभर खाली बघतो. त्याच क्षणी स्टीव्हन्स मागे जायचं थांबून पुढे पाऊल टाकायचा. खांदा आत, कोपर अंगाशी. नुसत्या ताकदीचे कितीतरी असतात. हा क्षण ओळखणारे फार थोडे.

पण २६ मे २००० ला टाळता येत नाही. प्लेऑफ, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्या, फिलाडेल्फियाविरुद्धच्या मालिकेतला सातवा सामना, पहिलाच भाग. त्यांचा एरिक लिंड्रॉस मेंदूला मार बसल्यामुळे बरेच आठवडे बाहेर बसून आदल्या सामन्यालाच परतला होता. पक घेऊन मधून आत शिरला, मान खाली. स्टीव्हन्सचा खांदा थेट जबड्यावर. तो सव्वासहा फुटांचा माणूस बर्फावर असा पडला की व्हिडिओत आजही माझा श्वास अडकतो. पंचाची शिट्टी नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ती धडक बसत होती. मालिकेत ३-१ असे मागे पडलेले डेव्हिल्स तो सामना २-१ जिंकले, पुढे कपही जिंकले आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी स्टीव्हन्सला मिळाली. लिंड्रॉस पुढचा अख्खा मोसम खेळला नाही. डोक्यावरच्या धडकेसाठी वेगळा नियम यायला २०१० साल उजाडलं. आज तशी धडक बसली तर पंचाचा हात वर जाईल असं मला वाटतं.

पोराला मी तो व्हिडिओ दाखवला. आधी मुद्दाम दाखवला नव्हता. तो दोनदा बघून म्हणाला, "बाबा, नियमात होतं ना?" मी हो म्हटलं. स्टीव्हन्सचा खेळही शेवटी डोक्याच्या मारानेच संपला, हेही सांगितलं. २००३ च्या प्लेऑफमध्ये जोरात मारलेला पक त्याच्या कानाजवळ बसला, तरी तो खेळत राहिला, कप उचलला, आणि जानेवारी २००४ नंतर पुन्हा कधीच बर्फावर उतरला नाही. २००५ मध्ये निवृत्ती, २००७ मध्ये हॉल ऑफ फेम.

आमच्या ओळखीतल्या बहुतेकांची मुलं क्रिकेट, टेनिस, तबला यात आहेत. आमचा पहाटे साडेपाचला बर्फावर असतो आणि मॅच रविवारी आली की मराठी शाळा बुडते. त्यावरून मी पुष्कळ ऐकलंय. पण आमचा पोरगा स्केट्सच्या नाड्या बांधताना कोचशी इंग्रजीत आणि माझ्याशी सांगलीच्या मराठीत बोलतो, आणि त्या खोलीत बसलेल्या सोळा पोरांत तो एकटा असा आहे, याचा मला अभिमान आहे. हट्टाने नाही म्हणत, मनापासून म्हणतोय.

आता ग्रुपवर न टाकलेलं सांगतो. त्या व्हिडिओतल्या धडकेनंतर, तिसऱ्या भागात, आमच्याने दुसऱ्या एका पोराला धडक दिली. अगदी शिकवल्यासारखी: मागे सरला, थांबला, खांदा आत. मी जागेवरून उडी मारून ओरडलो. मग लक्षात आलं की तो पोरगा उठत नाहीये. रिंकमधला सगळा आवाज बंद. दोन्ही टीमची पोरं जिथे होती तिथे एक गुडघा बर्फावर टेकून बसली, ही इथली रीतच आहे. हेल्मेटच्या जाळीआड आमच्याचा चेहरा दिसत नव्हता, पण हातातली स्टिक थरथरत होती. दोन-तीन मिनिटांनी तो पोरगा कोचच्या आधाराने उठला आणि सगळ्यांनी स्टिका बर्फावर आपटल्या. सामना संपल्यावर हात मिळवायची रांग लागते, त्यात आमचा त्याच्यापाशी थांबून राहिला. मागची पोरं वळसा घालून पुढे गेली.

गाडीत बराच वेळ गप्प होता. ओले ग्लोव्ह्ज मांडीवर, हीटरच्या झोताकडे धरलेले. मग म्हणाला, "त्याचा खांदा दुखतोय, पण हाड ठीक आहे. त्याच्या आईला विचारलं. तिने नंबर दिलाय, रात्री फोन करायचा आहे."

दादा, तू हे वाचशील, म्हणून लिहितो. तालुक्याची फायनल तुला आठवत असेल. तू डावा कोपरा होतास, मी कव्हर. तो चढाईपटू तुझ्याकडे बघत होता, मी त्याला आडवा डॅश मारून बाहेर काढला आणि त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. शिट्टी आपल्या बाजूने होती. पोरांनी मला खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं. मिरजेला त्याला दवाखान्यात ठेवलाय हे आपल्याला त्याच रात्री कळलं होतं. आपण गेलो नाही. मी तर त्याचं नावही विचारलं नाही.

तो पुढे परत खेळला का रे? तुझ्या ओळखी आहेत तिकडे. विचारून सांग मला.