आमदारकी सोडलेल्या डॉक्टरबाई

डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्याविषयी वैद्यकीय विद्यार्थ्यांशी बोलताना मला हमखास विचारले जाते, की तीन-चार वर्षांत राजीनामाच द्यायचा होता, तर प्रॅक्टिसमधला वेळ मोडून त्या कायदेमंडळात गेल्याच कशाला? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मद्रास मेडिकल कॉलेजातून १९१२ साली पदवी घेतलेल्या मुथुलक्ष्मींची आई देवदासी समाजातली होती, त्यामुळे या प्रथेची त्यांना घरातूनच ओळख होती. मद्रास प्रांताच्या कायदेमंडळावर त्यांची नियुक्ती झाली तेव्हा रुग्णसेवेत खंड पडेल या विचाराने त्या प्रथम कचरत होत्या. पुढे सभागृहाने त्यांना एकमताने उपाध्यक्ष निवडले.

त्यांचे खरे कौशल्य मला १९२९ साली झालेल्या कायद्यातल्या दुरुस्तीत दिसते. देवदासींच्या घराण्यांकडे देवळाच्या इनामी जमिनी असत, पण त्या सेवेच्या अटीवर. घरातली एखादी मुलगी देवाला वाहिली नाही, तर सेवा खंडित होऊन जमीनही जाण्याची धास्ती असे. मुली वाहण्यावर नुसती बंदी घातली असती तर ही कुटुंबे उघड्यावर पडली असती आणि प्रथा चोरून चालू राहिली असती. म्हणून हिंदू धार्मिक देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती करून जमीन आणि सेवा यांचा संबंध आधी तोडण्यात आला, म्हणजे सेवा न करताही जमीन त्या स्त्रीकडेच राहू लागली. रोगाचे कारण शोधून मग औषध देणाऱ्या डॉक्टरचीच ही रीत, असे मी मानतो (वकील मित्रांना हे पटत नाही).

वाहण्यावर थेट बंदी आणणारे विधेयकही त्यांनी मांडले होते. मात्र १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली आणि निषेध म्हणून मुथुलक्ष्मींनी सदस्यत्व सोडले. त्या निर्णयामागच्या निष्ठेविषयी मला आदरच आहे, तरीही त्याची किंमत लहान नव्हती, हे सांगितले पाहिजे. सभागृहात विधेयकाचा पाठपुरावा करणारे त्यांच्या तोडीचे कुणी उरले नाही. मुंबई इलाख्यात असा कायदा १९३४ साली झाला, मद्रासला तो व्हायला १९४७ उजाडले. मधल्या काळात त्या स्वस्थ बसल्या नाहीत. या समाजातल्या मुलींना आसरा देण्यासाठी त्यांनी अव्वै होम उभे केले, आणि पुढे बहीण कर्करोगाने गेल्यापासून मनात धरलेली मद्रासमधल्या अड्यारची कर्करोग संस्था १९५४ साली सुरू करून दाखवली.